मुंबईच्या बाल्कनीत पिओनी: बुटकी, कमी निगेची जात कोणती?

नीता_मुलुंड | ११ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मे महिनाभर मी आणि आई धाकट्या बहिणीकडे मिशिगनमध्ये होतो, ॲन आर्बरला. परवाच परतलो. आल्या आल्या मुलुंडच्या उकाड्यानं स्वागत केलं ते असो.

बहिणीच्या मागच्या दारी पायरीला लागून एक झुडूप आहे. जेमतेम गुडघ्याएवढं. पानं शेपूसारखी चिरलेली, फक्त शेपूइतकी बारीक नाहीत. आम्ही गेलो त्याच आठवड्यात त्याच्यावर गडद लाल, एकेरी पाकळ्यांची फुलं आली आणि मधे पिवळ्याधमक केसरांचा झुपका. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर त्याच्या शेजारी बसायची. या पिओनीचं नाव 'अर्ली स्काउट'. बहीण म्हणाली, "याला मी वर्षातून एकदा हात लावते, थंडीच्या आधी कापायला." हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात भुंगा शिरलाय. मला असंच झाड हवंय!

माझी बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेला, आठ फूट बाय चार. ऊन सकाळी अकरापर्यंत. कुंड्या बारा इंची. मी ८.१० ची लोकल पकडते, त्यामुळे काठ्या बांधणं, रोज फवारणं असलं काही जमणार नाही. आई दिवसभर घरी असते, पाणी ती घालेल. बुटकी आणि कमी निगेची पिओनी मुंबईत कोणी लावली आहे का? कोणती जात, मूळ कुठून मिळेल?

कोंबडापुराण | ११ जून, रात्री १०.३४

पिओनी म्हणजे ते लग्नाच्या डेकोरेशनमध्ये असतं ते? एका पुष्पगुच्छाची किंमत ऐकून मी दुकानातून उलट पावली परत आलो होतो. वाचतोय.

गच्चीवाला_गोरेगाव | ११ जून, रात्री ११.५०

नीताताई, नका लावू. हे लावून, मारून, पुरून झालेला माणूस बोलतोय. वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

तीन वर्षांपूर्वी मलाही हाच किडा चावला होता. उत्तरेकडच्या एका विक्रेत्याकडून ऑक्टोबरात दोन मुळं मागवली. मूळ म्हणजे काय, तर चार-पाच रताळी एकत्र बांधल्यासारखा गड्डा आणि वरच्या टोकाला गुलाबी डोळे, आल्याच्या कोंबासारखे. एकात तीन डोळे, दुसऱ्यात दोन. वाचून ठेवलं होतं की पिओनीला हिवाळ्यात गारठा लागतो, ० ते ४ अंशांच्या आसपास, साधारण ५०० ते १००० तास. तेव्हाच तिची झोप पुरी होते. मुंबईत हे तास आणायचे कुठून? फ्रिजमधून!

ओलसर कोकोपीटमध्ये मुळं गुंडाळली, पिशवीला भोकं पाडली आणि भाजीच्या कप्प्यात मेथीच्या जुडीखाली ठेवली. सफरचंदं आणि केळी घरात आणायला दहा आठवडे बंदी, कारण पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि आतले कोंब मरतात. बायकोने एकदा पाहुण्यांसमोर सांगितलं, "आमच्याकडे फळं खायला परवानगी नाही, खाली बाळ झोपलंय." दहा आठवड्यांचे हिशोबाने १६८० तास झाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काढून कुंडीत लावली.

आणि काय सांगू, उगवली की हो! जानेवारीअखेर लालभडक कोंब वर आले, फेब्रुवारीत पानं उलगडली, एकीवर वाटाण्याएवढी कळीही धरली. मी सोसायटीतल्या माणसांना वर बोलावून दाखवली. मार्चमध्ये दोन दिवस ३८ अंश गेलं, कळी आतल्या आत काळी पडून वाळली. एप्रिलमध्ये पानांच्या कडा पापडासारख्या. तरी मनात म्हटलं, मूळ जिवंत आहे ना, पुढच्या वर्षी बघू.

खरी मेख इथेच आहे. कळी गेली ती उन्हानं. झाड गेलं ते रात्रींमुळे. मे महिन्यात आपल्याकडे पहाटेसुद्धा २७ अंश. दिवसभर पान जे कमावतं ते झाड रात्रभर श्वासात जाळून टाकतं, साठा होतच नाही. त्यात पुढचे चार महिने पाऊस. ऑगस्टमध्ये कुंडी उलटी केली तेव्हा रताळ्यांच्या जागी राखाडी लगदा होता, बोट लावलं तर आत गेलं. वास अजून आठवतो.

मग मला सुचलं की पुढच्या वेळी अख्खी कुंडीच फ्रिजमध्ये ठेवावी. त्या प्रस्तावावर घरी मतदान झालं नाही, थेट नकाराधिकार वापरला गेला.

सखी_दादर | १२ जून, सकाळी ७.१५

'खाली बाळ झोपलंय' हाहाहा. लोकलमध्ये मोठ्यानं हसले, समोरच्या बाईंनी सीट सोडून दिली.

वेण्णा_वारा | १२ जून, सकाळी ९.०२

मुंबई सोडा, आमचं महाबळेश्वरला घर आहे. तिथे तर दर जानेवारीत वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी असते. तिथे का नाही येणार?

गच्चीवाला_गोरेगाव | १२ जून, सकाळी ९.४०

तो बर्फ सात वाजता फोटोग्राफरसाठी असतो, नऊ वाजता कणसवाला शर्ट काढून बसलेला असतो :) दोन-चार पहाटा म्हणजे वीस-पंचवीस तास. पाचशे कुठून आणणार? आणि नंतर तिथला पाऊस मुंबईच्या दुपटीहून जास्त. मुळं कुजायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

जुना_पार्लेकर | १२ जून, सकाळी १०.११

अवांतर, पण थंडीचा विषय निघाला म्हणून. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदले गेले होते. आमच्या वडिलांनी त्या दिवशी लग्नातला सूट घालून दूध आणलं होतं. तो मुंबईचा नीचांक. म्हणजे आपल्या आयुष्यातली सगळ्यात गार पहाटसुद्धा या झाडाच्या हिशोबात धरायची नाही?

गच्चीवाला_गोरेगाव | १२ जून, सकाळी १०.२०

फारच उदार मनानं धरली तर थोडीफार. चहाच्या कपात साखरेचा एक दाणा टाकल्यासारखी.

मिशिगनची_माई | १२ जून, सायंकाळी ६.४८

ताई, धागा काढलास आणि मला सांगितलंही नाहीस? आईनं व्हिडिओ कॉलवर फोडलं.

मी तिची धाकटी बहीण. ती पायरीजवळची 'अर्ली स्काउट' माझीच, म्हणून थोडं इथल्या बाजूचं लिहिते.

वर्षातून एकदा हात लावते हे खरं आहे, पण ते वाक्य मी सहाव्या वर्षी म्हणाले. पहिल्या वर्षी दोन काड्या आल्या होत्या, फूल शून्य. दुसऱ्या वर्षी एक फूल. मेहनत सगळी लावतानाच असते. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात. दीड-दोन फूट खोल माती भुसभुशीत करायची, पाणी साचता कामा नये. मग मुळाचे डोळे जमिनीखाली किती ठेवायचे यावर सगळं अवलंबून. इंच ते दोन इंच, त्याहून खाली नाही. मी तर्जनीचं पहिलं पेर मातीत घालून मोजलं होतं. खोल गेलं की पानं भरपूर येतात आणि फुलं येतच नाहीत. शेजारच्या बाईंनी दहा वर्षं खतं बदलून पाहिली, शेवटी उकरून वर उचलून लावली तेव्हा फुलली. (तुमच्याकडच्या कुंड्यांत माळी जे 'जरा दाबून खोल लाव' करतो, ते इथे चालत नाही.)

ही जात बुटकी आहे कारण तिच्यात फर्नच्या पानाच्या पिओनीचं रक्त आहे. 'टेन्युइफोलिया' म्हणतात तिला. १९५२ ची जुनी संकर जात आहे. उंची दोन फुटांच्या आत, फूल एकेरी, त्यामुळे डोकं जड होत नाही आणि काठी लागत नाही. माझ्याकडे दुसरी 'सारा बर्नहार्ट' आहे, १९०६ ची, गुलाबी, वाटीभर पाकळ्यांची. दिसायला राणी. पण एक पाऊस पडला की तोंडावर आपटते. तिला दरवर्षी लोखंडी कडं लावावं लागतं. जिला 'कमी निगेची' म्हणून विकतात ती बहुधा बुटकी आणि एकेरी असते, यामागे एवढंच गुपित आहे. हल्ली कुंडीसाठी 'पॅटिओ पिओनी' म्हणूनही मिळतात, राजधान्यांची नावं असलेल्या: रोम, ऑस्लो, मॉस्को वगैरे.

वर्षातून एकदाची कापणीही टाळता येत नाही. पानगळीनंतर दांडे जमिनीलगत कापून कचऱ्यात टाकायचे, कंपोस्टमध्ये नाही. करडी बुरशी त्यांच्यातच हिवाळा काढते आणि वसंतात कळ्या काळ्या करते. बाकी उरलेलं काम बर्फ करतो, पाच महिने. ताई, तो बर्फ तुला कुरिअर करता आला असता तर केला असता.

सखी_दादर | १२ जून, रात्री ८.०५

माई, तुमच्या त्या कळ्यांवर मुंग्या असतात ना? मी एका व्हिडिओत पाहिलं की मुंग्यांनी कुरतडल्याशिवाय ती कळी उघडतच नाही.

मिशिगनची_माई | १२ जून, रात्री ९.३०

ही इथलीही आवडती अफवा आहे. कळीच्या हिरव्या आवरणावर गोड रस येतो, मुंग्या तो चाटायला येतात. कळी आपली आपण उघडते. मुंग्या नुकसानही करत नाहीत. फुलं घरात आणायची तर आधी झटकायची, नाहीतर डायनिंग टेबलवर वरात.

देवदार | १३ जून, दुपारी १.२२

पिओनी परदेशीच असते असं कुणी समजू नका. आपल्या हिमालयातही आहे. 'पिओनिया एमोडी'. मी मे महिन्यात उत्तराखंडात बांजाच्या (हिमालयातल्या ओकच्या) जंगलाच्या कडेला पाहिली आहे. पांढरी, मोठी, पाकळ्या टिश्यू पेपरसारख्या पातळ, मधे पिवळे केसर. काश्मिरात तिला मामेख म्हणतात, आणि युनानी हकिमांकडे तिचं मूळ 'ऊद सलीब' नावानं मिळतं. पण तिलाही बर्फाचीच सवय. तिथून उपटून आणायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर कृपया नको. औषधासाठी मुळं खणून खणून आधीच हाल आहेत.

चुनाभट्टी_एक्सप्रेस | १३ जून, दुपारी २.००

मी 'निळ्या पिओनीच्या' बिया मागवल्या होत्या ऑनलाइन. १९९ रुपयांत वीस. आठ दिवसांत सगळ्या उगवल्या! महिन्याभरानं सासूबाई म्हणाल्या, हा तर माठ आहे. भाजी केली. चव चांगली होती.

निवृत्त_बॉटनी | १३ जून, सायंकाळी ५.१५

एक्सप्रेस, आठ दिवसांत उगवली तिथेच शंका यायला हवी होती. पिओनीचं बी दुहेरी झोपेचं असतं. आधी उबेत मूळ फुटतं, मग थंडी लागते, मग कोंब येतो. पेरल्यापासून फूल बघायला चार-पाच वर्षं. आणि निळी पिओनी नसतेच.

नीताताई, मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता भांडुपच्या फ्लॅटमध्ये कुंड्यांना शिकवते. गच्चीवाल्यांचं निदान बरोबर आहे. त्यात एक भर. झाडाच्या पिओनी (लाकडी खोडाच्या) आणि 'इतो' संकर यांना थंडी थोडी कमी पुरते, म्हणून कुणीतरी तुम्हाला त्या सुचवेल. 'कमी' म्हणजे मिशिगनपेक्षा कमी. मुंबईइतकी कमी नव्हे. तोइची इतो या जपानी माणसाला साध्या, मऊ दांड्यांच्या आणि झाडाच्या पिओनींचा संकर १९४८ मध्ये साधला. १९५६ मध्ये ते गेले, त्यांच्या रोपांना फुलं त्यानंतर आली. या कुळातल्या झाडांना घाई चालत नाही, आणि बारा इंची कुंडीत तिसऱ्या मजल्यावर तर त्यांना काहीच चालत नाही.

आता तुम्हाला हवंय काय ते मी पुन्हा वाचलं: गुडघ्याखाली, काठी नको, पूर्वेचं ऊन, आईंना बसून बघण्यासारखं. मी सांगते ते ऐकून नाक मुरडू नका. डबल तेरडा लावा.

रस्त्याकडेचा एकेरी नव्हे. दुहेरी, ठेंगणा, एक फुटाच्या आतला मिळतो. फूल दांड्याला चिकटून येतं, पाकळ्यांवर पाकळ्या, लहान गुलाबासारखं. आत्ता जून आहे, पहिला चांगला पाऊस झाला की या आठवड्यातच पेरा. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू किंवा विटांचा चुरा. बी वर भुरभुरायचं, नखाएवढी माती. चार-पाच दिवसांत उगवतं. बारा इंची कुंडीत तीनच रोपं ठेवा, बाकीची निर्दयपणे काढा. इथे सगळे चुकतात, जीव होत नाही आणि मग सगळीच रोपं काटकुळी होतात. दीड-दोन महिन्यांत फुलं, म्हणजे बरोबर गौरींच्या सुमारास. कुंडीखालची ताटली मात्र पावसात काढून टाका, देठ पाणचट असतात, बुडाशी कुजतात. ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती पानं तोडून टाका, बस.

सखी_दादर | १३ जून, सायंकाळी ५.४०

बाई, पण 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ना?

निवृत्त_बॉटनी | १३ जून, सायंकाळी ६.०३

म्हण एका फुलाची आहे, झाडाची नाही. एक फूल गळलं की वरचं उघडतं, महिनाभर चालतं. माईंना विचारा त्यांचं झाड वर्षात किती दिवस फुलतं.

मिशिगनची_माई | १३ जून, रात्री ९.१२

आठ-दहा दिवस. त्यातले दोन पावसाचे. :)

नीता_मुलुंड | १३ जून, रात्री १०.४५

सगळ्यांचे आभार. खरं सांगते, आधी थोडा राग आला. मी विचारलं काय आणि मिळालं काय! तेरडा तर आमच्या आजोळी चिपळूणला कुंपणापाशी आपोआप यायचा, त्याला कोण विचारायचं. आणि माई, ऑक्टोबरात तुझा मित्र येतोय ना, त्याच्या बॅगेत एक गड्डा टाकशील का? फक्त प्रयोग म्हणून.

हिरवा_कागद | १४ जून, सकाळी ८.३०

ते करू नका. लागवडीसाठी मूळ, कंद, रोप काहीही परदेशातून आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो, शिवाय तिकडच्या सरकारचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोपाला रोग-कीड नसल्याचा दाखला. हा निव्वळ कागदी खेळ नाही. मुळाच्या मातीतून सूत्रकृमी येतात, नवीन बुरशी येते, आणि ती तुमच्या बाल्कनीत थांबत नाही. मित्र विमानतळावर अडकेल तो वेगळाच.

मिशिगनची_माई | १४ जून, सकाळी ९.१०

ऐकलंस ना? मित्रासोबत खजुराचं पाकीट पाठवते.

कोंबडापुराण | १४ जून, सकाळी ९.२५

मिशिगनहून खजूर?

मिशिगनची_माई | १४ जून, सकाळी ९.२७

इथल्या अरब वस्तीच्या डिअरबॉर्नला मिळतो तसा तुमच्या मोहम्मद अली रोडला मिळत असेल, पण आईला इथलाच आवडला. विषयावर या.

कमळाबाई | १५ जून, दुपारी १२.५०

तेरडा छानच, पण मोठ्ठं गच्च फूल हवं असेल तर टबातलं कमळ. ठेंगण्या, खूप पाकळ्यांच्या जाती आहेत, दीड फुटी टबात येतात. पण अकरापर्यंतचं ऊन कमी पडेल, पाच-सहा तास तरी कडक हवं. आणि टबात गप्पी मासे सोडा, नाहीतर डासांची पैदास म्हणून पालिकेची नोटीस दारावर. तुमच्या बाल्कनीला नाहीच जमणार बहुतेक. पश्चिमेच्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

गच्चीवाला_गोरेगाव | १५ जून, दुपारी १.३०

मी पश्चिमेचा. टबाचं माप टाका ना. फ्रिजमध्ये नाही ठेवणार, शपथ.

नीता_मुलुंड | ९ सप्टेंबर, रात्री ९.५५

धागा वर आणते आहे, रागावू नका.

बाईंचं ऐकलं. दादरला बियांच्या दुकानात 'डबल तेरडा, ठेंगणा' असं मागितलं तर दुकानदार म्हणाला, "बालसम म्हणा ना." पाकीट मिळालं. चार कुंड्या. रोपं उपटताना आई म्हणाली, "एवढी जिवंत रोपं टाकतेस?" आणि टाकलेली सगळी तिनं तेलाच्या डब्यात लावली. कुंडीतली तीन-तीन ठेवलेली जाड देठाची, फूटभर झाली, डब्यातली सतरा उंच, बारीक, एकमेकींवर रेललेली. बाई, तुम्ही म्हणालात तसंच. जुलैच्या मोठ्या पावसात एक कुंडी बुडापाशी गेली, ताटली काढायची राहिली होती.

ऑगस्टच्या मध्यापासून फुलतायत. लाल हवा होता, निघाला गुलाबी, एक कुंडी पांढऱ्यावर जांभळे शिंतोडे. मी आईला म्हटलं, हा काही माईच्या पायरीवरचा नाही. ती म्हणाली, "ते झाड बघायला विमानानं जावं लागतं, हे उठून बघता येतं." मग चहाचा कप घेऊन तिथेच स्टुलावर बसली.

गौरींना डब्यातलीच दोन रोपं मुळासकट काढून धुतली. आजोळी तेरड्याच्याच गौरी असायच्या, मुळं म्हणजे गौरीची पावलं. आई उंबऱ्यातून आत येताना ती पावलं ताम्हणात सांभाळत होती, आणि मला सांगत होती की बाजारातून आणलेल्या तेरड्याला इतकी मुळं नसतात.

मिशिगनची_माई | ९ सप्टेंबर, रात्री १०.३०

फोटो बघितले. डब्यातली सतरा जास्त आवडली. इथे मी पुढच्या आठवड्यात 'अर्ली स्काउट'ची मुळं विभागणार आहे, शेजारणीला एक भाग देणार. तुला नाही.

सखी_दादर | १० सप्टेंबर, सकाळी ७.२०

नीताताई, त्या शिंतोडेवाल्याच्या बिया राखाल का? दादर स्टेशनवर येऊन घेईन.

नीता_मुलुंड | १० सप्टेंबर, सकाळी ७.५८

नक्की, पण खात्री देत नाही. शेंगा फुगायला लागल्या आहेत, आणि आई येता जाता एकेक चिमटीत धरून फोडते. बिया थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत पडतात. काकूंना विचारून ठेवते. ८.१० आली.